मॅलम: जिथे ओढे जमिनीत शिरतात

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरच्या डोंगराळ भागात मॅलम टार्न नावाचं एक तळं आहे. समुद्रसपाटीपासून 377 मीटर उंचीवर, पसारा साधारण 62 हेक्टर, खोली मात्र जेमतेम चार-साडेचार मीटर. तळ्याच्या दक्षिण टोकाशी पाणी सोडायचं दार आहे. तिथून ओढा निघतो, खळखळत अर्धा किलोमीटर जातो आणि दगडगोट्यांमध्ये जिरून जातो. पुढे ओढ्याची दरी दिसते, काठ दिसतात, वळणं दिसतात, पाणी तेवढं नसतं. स्थानिक लोक या जागेला 'वॉटर सिंक्स' म्हणतात, म्हणजे पाणी बुडतं ती जागा.

या एका ओढ्याचं कोडं उलगडलं की जवळचं मॅलम गाव आणि आसपासच्या डोंगराचा बराचसा इतिहास आपोआप उलगडतो. गाव कुठे वसलं, मेंढरं कुठे चरली, साधूंनी ही जमीन का घेतली, डोंगरभर गडगे, म्हणजे नुसते दगड रचून केलेल्या कुंपणाच्या भिंती, का उभे राहिले, या सगळ्याच्या मुळाशी खडक आणि पाणी आहे. म्हणून सुरुवात खडकापासून करू.

साधारण 33-34 कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. आजचा ब्रिटन तेव्हा विषुववृत्ताजवळ होता. समुद्रातल्या जीवांचे शंख, शिंपले, कवचं तळाशी साठत गेली आणि त्यांचा चुनखडक झाला. मॅलमच्या परिसरात या चुनखडकाचा थर दोनशे मीटरच्या आसपास जाड आहे. त्याच्याखाली त्याहून कितीतरी जुना, पाण्याला वाट न देणारा पाटीसारखा काळसर खडक आहे.

चुनखडकाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं. असं पाणी चुनखडकाच्या फटीत शिरलं की खडक थोडाथोडा विरघळतो, फट रुंदावते, मग तिच्यातून आणखी पाणी जातं. हजारो वर्षं हे चाललं की फटीची घळ होते, घळीचं भुयार होतं. बोअरचं पाणी रोज उकळलं की पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तो याच प्रकारच्या विरघळलेल्या क्षारांचा. मॅलमजवळ जॅनेट्स फॉस नावाचा एक लहानसा धबधबा आहे. तिथे पाण्यातला चुना पुन्हा बाहेर पडून शेवाळावर बसतो आणि धबधब्यामागे दगडाचा पडदाच तयार झालाय. एकाच पाण्याने एकीकडे डोंगर पोखरायचा आणि दुसरीकडे दगड घडवायचा, हे दोन्ही इथे चालतात.

मग एवढ्या गळक्या डोंगरावर तळं टिकलं कसं? तळ्याखाली चुनखडक नाही, म्हणून. या भागात जमिनीला मोठमोठे तडे आहेत. त्यांना क्रेव्हन प्रस्तरभंग म्हणतात. तड्याच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या मानाने वरखाली सरकलेले आहेत. त्यांतला उत्तरेकडचा तडा तळ्याच्या अगदी दक्षिणेला आहे. त्याच्या उत्तरेला तो जुना काळसर खडक पृष्ठभागाशी आलाय, आणि वर हिमनदीने आणून टाकलेल्या गाळाचा बांध आहे. त्यामुळे तळं धरून राहतं. ओढा मात्र तडा ओलांडून चुनखडकावर आला, की चाळणीवर आल्यासारखाच.

वॉटर सिंक्सपाशी कोरड्या पडलेल्या दरीतून, वॉटलोज नावाच्या खिंडीतून खाली उतरत गेलं की पायाखालची जमीन एकदम संपते. आपण मॅलम कोव्हच्या माथ्यावर येतो. हा अर्धवर्तुळाकार पांढुरका कडा जवळजवळ 80 मीटर उंच आणि 300 मीटर रुंद आहे. धबधब्याची जागा असावी तसाच आकार, पण धबधबा नाही. कड्याच्या पायथ्याशी मात्र शांतपणे एक ओढा बाहेर पडतो.

कोणालाही वाटेल की हे तळ्याचंच पाणी. खूप काळ लोकांनाही तसंच वाटत होतं. एकोणिसाव्या शतकात तळ्याच्या दारातून एकदम लोंढा सोडून तो कुठे उमटतो ते पाहण्यात आलं. पुढे पाण्यात रंग घालूनही तपासलं. तेव्हा कळलं की तळ्याचं पाणी मुख्यतः कड्याला चुकवून, गावाच्याही खालून जाऊन, दक्षिणेला एअर हेड इथल्या झऱ्यांतून वर येतं. कड्याखालून निघणारा ओढा बराचसा पश्चिमेकडच्या दुसऱ्याच एका जागी बुडालेल्या पाण्याचा आहे. म्हणजे जमिनीखाली दोन प्रवाह एकमेकांना जवळजवळ ओलांडून जातात. डोंगराच्या पोटातल्या या वाटा अजून पुरत्या उलगडलेल्या नाहीत. पाणबुडे कड्याच्या पायथ्यातून पाण्याने भरलेल्या भुयारांत शिरून त्यांचा माग काढत आलेत.

कडा झाला कसा, याचं उत्तर हिमयुगात आहे. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीला, साधारण बारा हजार वर्षांपूर्वी, जमीन खोलवर गोठलेली होती. चुनखडकाच्या फटी बर्फाने बुजल्या होत्या. त्यामुळे वितळलेल्या बर्फाचं पाणी जमिनीत जिरू शकत नव्हतं. ते वरून वाहिलं, वॉटलोजची दरी कोरली आणि कड्यावरून कोसळलं. थंडी सरली, फटी मोकळ्या झाल्या, पाणी पुन्हा जमिनीखाली गेलं. दरी आणि कडा कोरडे राहिले. डिसेंबर 2015 मध्ये डेस्मंड नावाचं वादळ आलं. त्या पावसात डोंगराची पाणी पिण्याची ताकद संपली आणि जिवंत माणसांच्या आठवणीत पहिल्यांदाच मॅलम कोव्हवरून धबधबा कोसळला. काही तासांसाठी लोकांना हिमयुगाच्या शेवटाची झलक मिळाली. भूगोलाच्या पुस्तकातली आकृती अशी डोळ्यांसमोर जिवंत होणं किती दुर्मीळ!

कड्याच्या माथ्यावर कातळाचा उघडा सडा आहे. हिमनदीने वरची माती खरवडून नेली आणि खालचा सपाट चुनखडक उघडा पडला. नंतर पाण्याने त्याच्या फटी खोल केल्या. आता तो मोठ्या फरशा मांडल्यासारखा दिसतो. फरशीला स्थानिक लोक 'क्लिंट' म्हणतात आणि मधल्या फटीला 'ग्राइक'. वर वारा, ऊन, मेंढरांची तोंडं, त्यामुळे फरशीवर फारसं काही उगवत नाही. फटीत मात्र ओल असते, सावली असते, मेंढराचं तोंड पोहोचत नाही. तिथे एरवी जंगलात दिसणारे नेचे आणि रानफुलं वाढतात. एकेकाळी या फरशा तोडून शोभेच्या बागांसाठी विकल्या जात. 1981 च्या वन्यजीव कायद्याने अशा सड्यांना संरक्षण देण्याची तरतूद केली. दगड फोडायला एक दुपार पुरते, बनायला कोट्यवधी वर्षं लागली, म्हणून मला हा कायदा फार मोलाचा वाटतो.

आता माणसांकडे येऊ. गाव नेमकं कुठे आहे ते पाहा. डोंगरमाथ्यावर नाही, कारण तिथे पाणी टिकत नाही. मॅलम कड्याच्या खाली, दरीत आहे. मधल्या क्रेव्हन तड्याच्या दक्षिणेला खडक बदलतो आणि पाणी पुन्हा जमिनीवरून वाहू लागतं. कड्यातून निघालेला ओढा गावाच्या मधून जातो.

गावाचं नावही बोलकं आहे. इंग्लंडमध्ये 'हॅम'ने संपणारी गावं ढीगभर, आणि त्या 'हॅम'चा अर्थ बहुधा घर किंवा वस्ती असा असतो. मॅलमची अक्षरंही इंग्रजीत तशीच संपतात, पण हे नाव त्यांतलं नाही. 1086 साली नॉर्मन राजाने करवसुलीसाठी देशभर जमिनीची पाहणी केली, तिच्यात गावाचं नाव 'माल्गुन' असं नोंदलंय. ते जुन्या नॉर्स शब्दावरून आलं असून त्याचा अर्थ खडकाळ, वाळूगोट्यांची जागा असा काहीसा होतो. हजारेक वर्षांपूर्वी स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी इथे वस्ती केली आणि डोंगरातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला त्यांचे शब्द दिले. तळं ते टार्न, ओढा तो बेक, धबधबा तो फॉस, कडा तो स्कार. हे सगळे शब्द तिकडचे. शेजारच्या कर्बी मॅलम गावाच्या नावात तर 'चर्च असलेलं गाव' हाच अर्थ आहे.

इथे पॅरिश म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण इंग्लंडच्या खेड्यांचा इतिहास या शब्दाशिवाय कळत नाही. मुळात पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतला मुलूख. वसईच्या ख्रिस्ती मंडळींना 'धर्मग्राम' हा शब्द ओळखीचा आहे, साधारण तेच. पण इंग्लंडमध्ये पॅरिशवर हळूहळू सरकारी कामांचाही भार आला. 1538 पासून जन्म-लग्न-मृत्यूंशी निगडित चर्चविधींच्या नोंदी पॅरिशने ठेवायच्या. 1555 च्या कायद्याने रस्ते दुरुस्त करायचे. 1601 च्या कायद्याने आपल्या हद्दीतल्या गोरगरिबांना पोसायचं आणि त्यासाठी कर गोळा करायचा. चर्च आणि ग्रामपंचायत एकाच चौकटीत, असं म्हटलं तरी चालेल. पुढे एकोणिसाव्या शतकात धार्मिक पॅरिश आणि मुलकी पॅरिश वेगळे झाले. 1894 च्या कायद्याने मुलकी पॅरिशला निवडून दिलेली समिती मिळाली.

सपाट, सुपीक भागात पॅरिश लहान असतात, कारण थोड्या जमिनीवर एक चर्च पोसलं जातं. डोंगरात जमीन हलकी, माणसं विरळ, म्हणून पॅरिश अवाढव्य. मॅलमचं चर्च मॅलममध्ये नव्हतंच. ते खालच्या कर्बी मॅलममध्ये. त्या एका चर्चखाली मॅलम, मॅलम मूर, एअरटन, कॅल्टन, हॅनलिथ अशी अनेक गावं आणि वाड्या येत. वरच्या माळावरच्या शेतकऱ्याला रविवारच्या प्रार्थनेसाठी, बारशासाठी, लग्नासाठी आणि माती देण्यासाठी दरीत उतरावं लागे. यातलीच काही गावं पुढे स्वतंत्र मुलकी पॅरिश झाली. कॅल्टनमध्ये 1619 साली जॉन लॅम्बर्ट जन्मला. इंग्लंडच्या यादवी युद्धात संसदेच्या बाजूने लढलेल्या मोठ्या सेनानींपैकी तो एक.

पण या डोंगराला खरा आकार दिला तो मठांनी. बाराव्या शतकात सिस्टर्शियन नावाच्या ख्रिस्ती पंथाचे साधू वस्तीपासून दूर, ओसाड जागा शोधत होते. 1132 साली स्थापन झालेल्या फाउंटन्स मठाला या डोंगरांतली मोठी कुरणं दानात मिळत गेली. मॅलमच्या ओढ्याची पश्चिम बाजू फाउंटन्स मठाकडे आली आणि पूर्व बाजू बोल्टनच्या मठाकडे. एकाच गावाचे दोन मालक, मधे ओढा. चुनखडकावर माती पातळ आणि पाणी कमी, म्हणून धान्य नीट पिकत नाही. पण चुन्यामुळे गवत गोड असतं, पाणी साचत नसल्याने मेंढरांचे खूर कुजत नाहीत. मेंढपाळीला यापेक्षा चांगली जमीन कुठली?

साधूंनी हे ओळखलं आणि धंदा उभा केला. मठांचे हजारोंचे कळप, दूरवरच्या कुरणांवर राखणीला ठाणी, कामाला मठाचे श्रमिक बंधू. किल्न्झीच्या ठाण्याकडून मॅलमच्या माळावर येणारी मस्टाइल्स लेन नावाची वाट आजही आहे. दोन्ही बाजूंना गडगे, मधे हिरवा पट्टा, सरळ डोंगरावर चढत जाणारी. याच वाटेवर रोमन सैन्याच्या तळाच्याही खुणा आहेत, म्हणजे साधूंच्याही हजार वर्षं आधी कोणीतरी इथून चाललं होतं. लोकर इटलीच्या व्यापाऱ्यांना विकली जाई, पुष्कळदा पुढच्या काही वर्षांची आगाऊ. पैसा आधी हातात येई. पण मेंढरांत खरजेची साथ आली की लोकर देता येत नसे आणि मठ कर्जात बुडे. तेराव्या शतकाच्या अखेरीस फाउंटन्सवर ती वेळ आली. 1315 ते 1317 चा मोठा दुष्काळ आणि पाठोपाठ स्कॉट लोकांच्या धाडी यांनी डोंगराचं कंबरडं मोडलं. तरी मठ टिकले, 1539 साली राजा आठव्या हेन्रीने दोन्ही बंद करेपर्यंत.

साधे शेतकरी तेव्हा काय करत होते, त्याची खूण गावाच्या वरच्या उतारावर सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसते. उताराला आडवे, पायऱ्यांसारखे लांबट पट्टे. सह्याद्रीतल्या मजगीशी ओळख असलेल्या माणसाला ते लगेच कळतील. नांगर फिरत राहिल्याने माती खालच्या कडेला साठत गेली आणि उतारावर पायऱ्या पडल्या. आता त्यांवर फक्त गवत आहे.

माथ्यावरची कुरणं कित्येक शतकं सामाईक होती, पण मोकाट नव्हती. प्रत्येक घराला किती जनावरं चारायची याचा ठरावीक हक्क असे. एका गाईच्या हक्कात किती मेंढरं बसतात याचाही हिशोब ठरलेला. हा हक्क विकता येई, मुलाला देता येई. सामाईक जमिनीची लूट होतेच असं जे सरसकट बोललं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. इथे माणसांनी शेकडो वर्षं गवत मोजून खाल्लं.

अठराव्या शतकात या कुरणांवर वेगळीच गर्दी झाली. तळ्याजवळच्या ग्रेट क्लोज नावाच्या विशाल कुरणात स्कॉटलंडहून हाकत आणलेली गुरं चरायला सोडली जात आणि जत्रेत विकली जात. 1786 साली मॅलमच्या शाळामास्तरांनी लिहून ठेवलंय की एका वेळी पाच हजार गुरं तिथे दिसत. स्कॉटलंडहून पायी आलेली ती जनावरं इथे अंगाने भरत आणि पुढे इंग्लंडच्या शहरांच्या ताटात जात.

त्याच सुमाराला खाणीही चालल्या. पाइकडॉच्या डोंगरात 1788 च्या सुमारास जस्ताच्या खनिजाने भरलेल्या गुहा सापडल्या. हे खनिज तांब्याबरोबर भट्टीत घातलं की पितळ होतं. तळ्याच्या मालकाने 1791 साली बांध घालून पाण्याची पातळी वाढवली, म्हणजे आज दिसणारं तळं अर्धं निसर्गाचं आणि अर्धं माणसाचं.

आता गडग्यांविषयी, कारण मॅलमचं कुठलंही छायाचित्र त्यांच्याशिवाय पुरं होत नाही. यॉर्कशायर डेल्सच्या राष्ट्रीय उद्यानात आठ हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे गडगे आहेत. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. कोकणातल्या माणसाला हे नवं नाही, पण इथली रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. खरं तर गडगा म्हणजे दोन भिंती असतात. त्या तळाशी रुंद आणि वर जाताना एकमेकींकडे कलणाऱ्या. मधल्या पोकळीत बारीक दगड घट्ट भरतात. ठरावीक उंचीवर लांब दगड आडवे घालतात, ते दोन्ही भिंतींना बांधून ठेवतात. माथ्यावर उभ्या दगडांची ओळ, तिच्या वजनाने सगळं दाबून राहतं. वारा फटींतून जातो, म्हणून गडगा ढासळत नाही. बर्फवृष्टीत मेंढरं त्याच्या आडोशाला बसतात. तळाशी मेंढरांपुरती चौकोनी वाट ठेवतात, माणसांसाठी बाहेर काढलेल्या दगडांच्या पायऱ्या.

गडग्यांवरून काळ ओळखता येतो. गावाजवळचे गडगे वेडेवाकडे, लहान लहान तुकडे करणारे. ते जुने, एकेक शेत वाढेल तसे पडलेले. डोंगरावर मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ, चढ असो वा उतार. ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले. तेव्हा संसदेच्या कायद्यांनी सामाईक कुरणं वाटून खासगी मालकीची केली. मोजणीदाराने नकाशावर रेघ ओढली आणि कामगारांनी ती डोंगरावर दगडात उतरवली. ज्यांना वाटा मिळाला त्यांची जमीन नावावर झाली. ज्यांचा हक्क कागदावर नव्हता, नुसता वहिवाटीचा होता, त्यांचं चराईचं गवत गेलं. हे गडगे सुंदर आहेत यात शंका नाही. पण त्या सरळ रेघा पाहताना मला नेहमी त्या गवत गेलेल्या लोकांची आठवण होते.

विसाव्या शतकात डोंगराकडे पाहण्याची नजर बदलली. 1954 साली यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यान झालं. तिथली बहुतेक जमीन खासगीच आहे, शेती चालूच आहे, बांधकामावर तेवढे निर्बंध. 24 एप्रिल 1965 रोजी ब्रिटनमधल्या पहिल्या राष्ट्रीय लांब पायवाटेचं, सुमारे 430 किलोमीटरच्या पेनाइन वेचं, उद्घाटन याच मॅलमच्या माळावर झालं. ज्या डोंगरांवर एकेकाळी शिकारीसाठी राखलेल्या जमिनीत पाऊल टाकायला बंदी असे, त्या डोंगरांवरून कामगारांनाही चालता यावं म्हणून लोक कित्येक वर्षं झगडले होते. आता पायवाट वॉटलोजच्या कोरड्या दरीतून उतरते, कड्याच्या माथ्यावरचा सडा ओलांडते आणि गावात येते. कड्यावर बहिरी ससाण्यांचं घरटं असतं. वसंतात लोक खाली उभे राहून दुर्बिणीतून त्यांची पिल्लं पाहतात.

गावाच्या दक्षिणेला थोडं चाललं की सपाट कुरणात एअर हेडचे झरे लागतात. तिथे बघण्यासारखं तसं काही नाही. ओलसर गवत आणि त्यातून वर येणारं स्वच्छ थंड पाणी. हेच ते वर तळ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर बुडालेलं पाणी. जरा पुढे कड्यातून आलेला ओढा त्याला मिळतो आणि तिथून प्रवाहाला एअर नदी म्हणतात. ती दरीतून कर्बी मॅलम आणि एअरटनजवळून जाते, पुढे लोकरीच्या गिरण्यांनी मोठ्या झालेल्या लीड्स शहरातून वाहते, मग ऊझ नदीला आणि तिच्याबरोबर हंबरच्या खाडीतून उत्तर समुद्राला मिळते.